स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांत स्त्रीवाद्यांमुळे प्रत्यक्ष काही बदललं का?

हो, सगळ्यात ठळक बदल म्हणजे गाठ तपासणं आणि स्तन काढणं या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. अमेरिकेत १९७०च्या दशकापर्यंत सर्रास भूल देऊन गाठीचा तुकडा तपासत आणि कर्करोग निघाला की तिथेच स्तन काढून टाकत. निकाल बाईला कळायचा शुद्धीवर आल्यावर, छाती चाचपून! संमती आधीच घेतलेली, कोऱ्या कागदावरच्या सहीसारखी. पत्रकार रोझ कुशनर यांनी १९७४मध्ये स्वतःच्या आजारपणात हे नाकारलं आणि पुढे लढा दिला. १९७९मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने दोन टप्प्यांची पद्धत उचलून धरली. समितीत कुशनरही होत्या. मात्र फक्त गाठ काढून किरणोपचार दिले तरी जीव तितकेच वाचतात, हे दाखवलं अमेरिकी सर्जन बर्नार्ड फिशर यांनी रुग्णांवर घेतलेल्या चाचण्यांनी. नुसत्या घोषणांना सर्जन बधले नसते.