पंधरा मुलाखती आधी, विश्लेषण नंतर: हा क्रम उलटा आहे

प्रश्नकर्त्याचा बेत थोडक्यात असा: चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार नोकरी का सोडतात यावर व्यवस्थापनात पीएच.डी. करायची. त्यासाठी पंधरा मुलाखती उरकायच्या, मग एखादं सॉफ्टवेअर शिकून विश्लेषणाला बसायचं. मार्गदर्शक मात्र विचारतायत, नमुना शंभरचा का नाही?

सॉफ्टवेअरचं शेवटी बघू. आधी क्रम बदला. पहिली मुलाखत घ्या, चार दिवसांत शब्दशः लिहून काढा, तिचं कोडिंग करा (म्हणजे प्रत्येक उताऱ्याला त्यात काय आहे ते सांगणारं छोटं नाव, म्हणजे 'कोड', लावा) आणि मगच दुसरीला जा. निदान पहिल्या तीन तरी अशाच करा.

असं का, ते बघा. समजा एक कामगार म्हणाला, "सात महिने झाले की ब्रेक देतात. गावी जाऊन येतो, परत तेच मशीन." नवखा संशोधक यावर 'नोकरीची असुरक्षितता' असा कोड लावून मोकळा होतो. तो शब्द पुस्तकातला. कामगाराने जे सांगितलं ते त्यात बुडालं. 'ब्रेकमध्ये गावी जाणं', 'त्याच मशीनवर परतणं' असे क्रियेचे कोड लावले की लक्षात येतं, या माणसाने नोकरी सोडलेलीच नाही. 'सोडणं' हा एचआरच्या नोंदवहीतला शब्द आहे. म्हणजे मूळ संशोधनप्रश्नच दुरुस्त करावा लागणार, आणि हे पंधराव्या मुलाखतीनंतर कळून उपयोग नाही.

प्रश्नावलीऐवजी मुलाखतीचा आराखडा करा: सहा ते आठ मोकळे प्रश्न, त्याहून जास्त नकोत. "कंत्राटी असल्यामुळे असुरक्षित वाटतं का?" या प्रश्नाला 'हो' एवढंच उत्तर मिळतं, आणि तेही तुम्हीच पढवलेलं. त्याऐवजी "मागचं काम सुटलं त्या आठवड्यात काय काय झालं, सुरुवातीपासून सांगा" असं म्हणा आणि गप्प बसा. 'का' असं थेट विचारलं की माणूस सफाई देऊ लागतो. 'कसं', 'मग काय झालं' यावर तो बोलतो. सुपरवायझरच्या केबिनमध्ये किंवा एचआरने निवडून पाठवलेल्या कामगारांशी बोलणं टाळा. संमती घेताना सही मागितली की कंत्राटी कामगार बिचकतो. विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी असेल तर तोंडी संमती रेकॉर्ड करा. गावाचं, ठेकेदाराचं नाव लेखी प्रतीत बदला.

तासाभराची मराठी मुलाखत लिहून काढायला सहा-सात तास धरा. बोलून टाइप करणारी साधनं बोलीभाषेत आणि यंत्रांच्या आवाजात चुकतात, तेव्हा ऐकत ऐकत दुरुस्ती करावीच लागते. हे काम दुसऱ्याला पैसे देऊन करून घेऊ नका, पहिल्या काही मुलाखतींचं तरी नाहीच. कुठे माणूस थांबला, कुठे हसला, हे तिथेच कळतं. रोज कोडिंग झालं की अर्धं पान टिपण लिहा: काय खटकलं, पुढच्या मुलाखतीत काय विचारायचं. प्रबंधाचं विश्लेषणाचं प्रकरण बहुतेक या टिपणांतूनच उभं राहतं.

अनेक कोड जोडून जे म्हणणं पुढे येतं ती थीम; ती म्हणजे विषयाचं शीर्षक नव्हे. 'पगार', 'ठेकेदार', 'घर' या थीम नाहीत, ते तुमच्या आराखड्यातलेच प्रश्न आहेत. 'ब्रेकचा काळ कामगार शेतीच्या हंगामाशी जुळवून घेतात' हे विधान आहे, त्याला थीम म्हणता येईल; आणि ज्याला शेतीच नाही अशा कामगाराकडे जाऊन ते तपासताही येतं. असा विरोधी दाखला मुद्दाम शोधा.

आता शंभरचं. टक्केवारी काढायची नसेल तर सर्वेक्षणाचं सूत्र इथे लागू नाही. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासल्या, तेव्हा पहिल्या १२ मध्येच बहुतेक कोड आले होते. पण हा १२ चा आकडा ढालीसारखा वापरू नका: तिथल्या सहभागी स्त्रिया बऱ्याच एकसारख्या गटातल्या होत्या आणि प्रश्नही सारखेच होते. तुम्ही कामगार, ठेकेदार आणि एचआर अशा तिघांशी बोलणार असाल तर प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा. मार्गदर्शकांना आकड्याऐवजी तक्ता दाखवा: कितव्या मुलाखतीत किती नवे कोड आले.

ब्रॉन आणि क्लार्क या संशोधिकांची थीम शोधण्याची २००६ ची सहा टप्प्यांची पद्धत सुरुवातीला पुरते. फक्त तिचं नाव घेऊन पुढे 'कप्पा' (kappa, म्हणजे कोड लावणाऱ्या दोघांचं किती जुळतं ते मोजणारा आकडा) काढू नका. त्या दोघींनीच नंतर हे मेळ न बसणारं असल्याचं स्पष्ट लिहिलंय. परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

सॉफ्टवेअर कोड लावत नाही, लावलेले सांभाळतं. पंधरा मुलाखतींना वर्डमधल्या कॉमेंट आणि एक एक्सेल पुरे. हवंच असेल तर टॅगेट किंवा क्वालकोडर फुकट आहेत. कोड मराठीतच ठेवा, प्रबंध इंग्रजीत असेल तर उद्धृत करायचे तेवढेच उतारे भाषांतरित करा, मूळ मराठी परिशिष्टात द्या. आणि टंकन युनिकोडमध्येच हवं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वरून देवनागरी दिसतो, पण शोधायला गेलात तर एक शब्द सापडत नाही.