फुटीर, स्वतंत्र, विभक्त आणि वायला

कणकवलीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: ‘वेगळे कोकण राज्य मागणाऱ्यांना बातम्यांत फुटीरतावादी म्हणतात, ते बरोबर आहे का? अशा मागणीला स्वतंत्र राज्याची मागणी म्हणावे, वेगळ्या राज्याची की विभक्त राज्याची? आणि लिहिताना फुटीरतावादी लिहायचे की फुटीरवादी?’

पहिल्याचे उत्तर आधी देतो, कारण ही चूक रोज कानावर येते आणि रोज संताप होतो. बरोबर नाही. मुळीच नाही.

फुटणे म्हणजे काय ते सांगत बसत नाही. मडके फुटते, घाम फुटतो, पक्ष फुटतो, सगळ्यांना ठाऊक आहे. फुटीर हा शब्द मराठीत पक्ष सोडून जाणाऱ्या आमदार-नगरसेवकांसाठी रुळलेला आहे, आणि तिथे तो चपखल बसतो. राज्यव्यवस्थेबद्दल बोलताना तो वापरायचाच तर ज्याला भारतातून बाहेर पडून निराळे राष्ट्र करायचे आहे त्याच्यापुरता राखून ठेवावा. संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात भारताला राज्यांचा संघ म्हटले आहे. हा संघ राज्यांनी आपसांत करार करून उभा केलेला नाही, म्हणून त्यातून निघून जाण्याचा अधिकार कोणत्याच राज्याला नाही, असे बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना निक्षून सांगितले. बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. कोकणातल्या माणसाने तरी ते भाषण मुळातून वाचावे. दक्षिणेतल्या द्रविडनाडूची मागणी आधी निराळ्या राष्ट्राची होती. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने निवडणुकीला उभे राहणाऱ्याला देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता राखण्याची शपथ घेणे भाग पडले, आणि ती मागणी लावून धरणाऱ्या द्रमुक या तमिळ पक्षाने ती सोडून दिली. त्या मागणीला फुटून निघण्याची मागणी म्हणा, माझी हरकत नाही.

वेगळे राज्य हा अनुच्छेद ३ चा विषय आहे. संसद कायदा करून एका राज्याचा भाग काढून दुसरे राज्य करू शकते. विधेयक त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला जाते, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. १ मे १९६० ला द्विभाषिक मुंबई राज्यातून महाराष्ट्र आणि गुजरात झाले. २००० साली छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड झाले, २ जून २०१४ ला तेलंगण झाले. तेलंगणच्या माणसाला आज कोणी फुटीर म्हणत नाही. मग कुडाळच्या किंवा चिपळूणच्या माणसाने तीच घटनात्मक गोष्ट नुसती तोंडातून काढली, की वाहिनीवरचा निवेदक ‘देशातून फुटायचे आहे का’ असे कसे विचारतो? मागणी शहाणपणाची की वेडेपणाची यावर खुशाल भांडावे. पण भांडण सुरू होण्याआधीच शब्दाने माणसाला गुन्हेगार ठरवले, तर भांडायला उरते काय?

जाता जाता एक. कोकणात जुन्या बोलण्यात ‘देश’ म्हणजे सह्याद्रीपलीकडचा पठारी मुलूख. देशावर बदली झाली, देशावरची ज्वारी, देशस्थ आणि कोकणस्थ. या अर्थाने कोकण देशात कधी नव्हतेच. आपली ओळख आपण घाटाखालचे म्हणून सांगत आलो, आणि त्या बोलण्यात द्रोहाचा लवलेशही नव्हता.

स्वतंत्र या शब्दाबद्दल थोडक्यात. मराठीत तो दोन कामे करतो. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आणि मुलाला अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी असते. दुसऱ्या अर्थाने ‘स्वतंत्र कोकण राज्य’ हे निर्दोष मराठी आहे. पण ऐकणारा पहिला अर्थ घेतो आणि बिथरतो. म्हणून ‘वेगळे राज्य’ म्हणावे. वाद मिटला.

आता विभक्त. यावर मला खरे बोलायचे आहे.

विभक्त हा शब्द वि आणि भज् यांपासून. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थासह यादी, उघडला की ‘भज सेवायाम्’ असे सापडते आणि पाठांतर करणारे तिथेच थांबतात: भजणे म्हणजे सेवा करणे, भक्त म्हणजे सेवा करणारा, मग विभक्त म्हणजे सेवा सोडलेला, भक्तीपासून तुटलेला. कीर्तनात ही फोड रंगते. व्युत्पत्ती म्हणून ती टाकाऊ आहे. त्याच धातुपाठात दहाव्या गणात ‘भज विश्राणने’ आहे, म्हणजे देणे, वाटणे. ते कोणी वाचत नाही. ऋग्वेदात भज् वाटून देण्यासाठी आणि वाट्याला आलेले घेण्यासाठी येतो. सेवेचा अर्थ त्यावरून पुढे आला: ज्याच्यात माझा वाटा, ज्याचा मी वाटेकरी, त्याचा मी भक्त. भाग, विभाग, भागीदार, भाग्य, भगवंत ही सगळी याच घरची माणसे. भाग्य म्हणजे वाट्याला आलेले. भगवंत म्हणजे ज्याच्यापाशी भग, म्हणजे ऐश्वर्याचा वाटा, आहे तो.

आणि याच घरात भात आहे. ताटात वाढलेला, वाफाळता भात. संस्कृतात भक्त म्हणजे वाटून दिलेले अन्न, शिजवलेला तांदूळ. पाली-प्राकृतात त्याचे भत्त झाले आणि मराठीत भात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातली दासांची यादी पाहावी. तिथे ‘भक्तदास’ आहे. तो कोणाचा भजनी भक्त नव्हे, पोटाच्या अन्नासाठी दास झालेला माणूस आहे. इतका सरळ पुरावा समोर असताना भात ‘भा’ म्हणजे चमकणे यावरून आला, पांढरा दिसतो म्हणून, असे सांगणारे मला भेटतात. मग शेवटचा त आला कुठून, हे त्यांना विचारावे. भत्तमधला जोड त सुटला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. हस्तचा हत्थ आणि हत्थचा हात झाला, सप्तचा सत्त आणि सत्तचा सात, तसाच भक्तचा भत्त आणि भत्तचा भात. नियम धडधडीत आहे.

म्हणजे विभक्त होणे याच्या पोटात भात आहे. वाटा वेगळा, म्हणून शिजणारे अन्न वेगळे. हा माझा कल्पनाविलास नव्हे. धर्मशास्त्रात एकत्र कुटुंबाची खूणच ‘एकपाक’ ही आहे. स्मृतिकार बृहस्पतीचा श्लोक आहे: ‘एकपाकेन वसतां पितृदेवद्विजार्चनम् । एकं भवेद्विभक्तानां तदेव स्याद् गृहे गृहे ॥’ ज्यांचे अन्न एकत्र शिजते त्यांचे श्राद्ध आणि देवपूजा एक, विभक्त झाल्यावर तीच घरोघर. दापोलीच्या शाळेत शिकलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काण्यांनी ज्या शास्त्राला आयुष्य वाहिले, त्या शास्त्रातली ही ओळ आहे. तिच्यात कुठेही घर मोडल्याचा सूर नाही. विभाग हा तिथे हक्क आहे, गुन्हा नाही.

कोकणाने या श्लोकातला अर्धा भाग पाळला आणि अर्धा बदलला. जमिनीचे हिस्से झाले, एका सातबाऱ्यावर चाळीसपन्नास नावे चढली, चुली चार झाल्या. तरी अनेक घराण्यांत गणपती मूळ घरातच येतो, पाळी कोणाची ते ठरलेले असते आणि मुंबईचे भाऊ त्याच माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, जमतात. देव घरोघर वाटला गेला नाही. विभक्तपणाची ही कोकणी रीत बृहस्पतीलाही ठाऊक नव्हती. राज्यांचा संघ म्हणजे काय ते दिल्लीतल्या वकिलाने कोकणातल्या अशा घरात चतुर्थीला येऊन पाहावे.

बोलीत मात्र विभक्त कोणी म्हणत नाही. मालवणीत शब्द आहे वायलो. ‘तो भावांपासून वायलो झालो’, ‘वायले रवतत’, म्हणजे वेगळे राहतात. घाटावरही, साताऱ्याकडे, ‘वायला निघाला’ म्हणतात. प्रमाण मराठीने या शब्दाला उंबऱ्याबाहेर ठेवले आहे याचे मला फार वाईट वाटते. तो वेगळा या शब्दाचा अपभ्रंश आहे असे ठोकून देतात, आणि ते मला अजिबात मान्य नाही. मधला ग गळू शकतो, मान्य. पण ळ चा ल का व्हावा? मालवणी ळ ला घट्ट धरून आहे. केळा, डोळो, काळो, नारळ, एकातही ळ ढळलेला नाही. शिवाय वेगळो हा शब्द मालवणीत वायलोच्या शेजारी सुखाने नांदतो. एकाच शब्दाची दोन रूपे शेजारी राहू शकतात, पण ळ चा हिशेब तरी लागत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. वायला हा वायलेवरून आला असावा. वायल, वाईल, वैल, काहीही म्हणा: मोठ्या चुलीला जोडून असलेले दुसरे, धाकटे तोंड. तिथे निराळी लाकडे घालत नाहीत. थोरल्या चुलीची धग आतल्या वाटेने येते आणि त्यावर दुसरे भांडे चढते, पेज शिजते, दूध तापते. घरात नवी सून येते, तिच्या मुलासाठी निराळे काही शिजवायचे असते, ते वायलेवर. पुढे भांडे कायमचे तिथे चढू लागते. मग भिंत येते. वायलेवर शिजवून खाणारा तो वायला. संस्कृतात विभक्तच्या पोटात अन्न आहे, आणि माझा तर्क खरा असेल तर आमच्या बोलीतही वेगळे होण्याच्या शब्दात चूल आहे. मग दोन्ही भाषांनी एकच गोष्ट पाहिली. हा तर्कच आहे, पुरावा नाही. पण तो नाकारणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच की ळ चा हिशेब द्या, मग बोलू.

अस्मितेवरही दोन ओळी, कारण वेगळ्या राज्याची चर्चा त्या शब्दाशिवाय होत नाही. पतंजलीने पाच क्लेश सांगितले आहेत: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. अस्मिता तिथे दुसऱ्या क्रमांकाचा क्लेश आहे. प्रदेशाचा अभिमान हा अर्थ आधुनिक आहे, गुजरातीत कन्हैयालाल मुनशींनी तो गाजवला. मराठीत त्यासाठी ‘वेगळेपण’ हा अस्सल शब्द असताना दर भाषणात कोणाची तरी अस्मिता दुखावली जाते.

कोकण किनाऱ्यावर वेगळेपणाचा कौल एकदाच रीतसर घेतला गेला, आणि तो गोव्यात. १६ जानेवारी १९६७. एका बाजूला फूल, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण. दुसऱ्या बाजूला दोन पाने, म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून राहणे. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. महाराष्ट्राची बाजू का हरली यावर पुष्कळ लिहिले गेले, पण विलीनीकरण या शब्दाकडे कोणी पाहिले नाही. वि आणि ली, म्हणजे विरून जाणे, विरघळणे, दिसेनासे होणे. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, जंजिरा झाले. राजांच्या गाद्यांना तो शब्द ठीक होता. ज्यांना स्वतःची भाषा आहे, जत्रा आहेत, तियात्र हे कोकणी नाटक आहे, त्या माणसांसमोर जाऊन ‘तुम्ही आमच्यात विरघळा’ असे म्हणायचे आणि हो म्हणण्याची अपेक्षा धरायची, ही भाषेची घोडचूक होती. आपल्याकडच्या पंडितांनी कोकणी ही मराठीची बोली, एवढेच पालुपद लावून ती आणखी घट्ट केली. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला मान्यता दिली, ३० मे १९८७ ला गोवा राज्य झाले, १९९२ मध्ये कोकणी आठव्या अनुसूचीत आली. राज्याचा पर्याय १९६७ च्या कौलात नव्हताच, त्यासाठी आणखी वीस वर्षे थांबावे लागले. गोवेकरांना त्या वीस वर्षांत कोणी फुटीर म्हटले नाही, आणि योग्य केले.

आमच्या बाजूला त्याहून वाईट शब्द वाट्याला आला. अनुच्छेद ३७१ (२) खाली १९९४ साली वैधानिक विकास मंडळे झाली. विदर्भाला विदर्भ म्हणून मंडळ मिळाले, मराठवाड्याला मराठवाडा म्हणून. कोकण गेले ‘उर्वरित महाराष्ट्र’ या मंडळात. उर्वरित, म्हणजे उरलेले. इतरांची नावे घेऊन झाल्यावर पंगतीत जे मागे राहिले ते. पालघर-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतचा किनारा, शिलाहारांचा मुलूख, जुन्या ग्रंथांतला अपरान्त, आणि मंडळांच्या यादीत त्याला स्वतःचे नाव नव्हते. विकासाचा अनुशेष किती, हे अर्थशास्त्रज्ञांनी मोजावे. शब्दाचा अनुशेष मी सांगतो: ज्या प्रदेशाला उर्वरित म्हटले, तिथे वेगळ्या राज्याचे बोलणे अधूनमधून निघणारच. कोकणाच्या नावाने वेगळे मंडळ मागणारे हेच सांगत आले आहेत.

बाईंचा शेवटचा प्रश्न राहिला. फुटीर हे फुटणेवरून मराठीने घडवलेले विशेषण आहे. अशा विशेषणाला ‘ता’ लावणे मुळातच बेंगरूळ. मोठा, मोठेपणा; वेगळा, वेगळेपणा; तसा फुटीर, फुटीरपणा. मोठेता आणि वेगळेता कोणी म्हणत नाही, मग फुटीरता का? फुटीरवादी मला तर आणखी खटकते, कारण वाद बहुधा नामाला लागतो, विशेषणाला क्वचितच. निबंधात मुलांकडून ‘संघातून फुटून निघू पाहणारे’ असे लिहून घ्या, आणि कोकण, विदर्भ किंवा कुठल्याही प्रदेशाच्या बाबतीत ‘वेगळे राज्य मागणारे’. एखाद्या मुलाने ‘वायले राज्य’ लिहिले तर गुण कापू नका.