मसाई मारात शेवटच्या सकाळी सफारी करून त्याच दिवशी नैरोबीहून मुंबईचं विमान गाठता येईल का?

येईल, पण विमान रात्रीचं असेल तरच. बॅगा आदल्या रात्री भरून ठेवा, नाश्ता डब्यात घ्या आणि सहाला निघा. सिंह-तरस तेव्हा जास्त हलताना दिसतात. मुक्काम अभयारण्याच्या आत असेल तर शेवटच्या दिवशी दहाच्या आत बाहेर पडायचं, नाहीतर नवं प्रवेश-तिकीट. ते स्वस्त नाही! पुढे नारोकमार्गे नैरोबी पाच-सहा तास, शिवाय शहरातलं ट्रॅफिक. छोट्या विमानाने तासाभरात पोचाल, पण ते नैरोबीच्या विल्सन विमानतळावर उतरतं आणि मुंबईचं सुटतं जोमो केन्याटा या दुसऱ्या विमानतळाहून, त्यामुळे मध्ये टॅक्सी आलीच. छोट्या विमानात सामान साधारण १५ किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस त्या विमानाच्या पोटात शिरत नाही.