आई नकाब घालते, पहिल्यांदाच विमानाने चाललीय. एअरपोर्टवर चेहरा दाखवावाच लागतो का?

हो, दाखवावा लागतो. आधीच सांगून टाकते.

तुम्ही लिहिलंय की अम्मी सेलूच्या, मक्केच्या उमराह यात्रेच्या ग्रुपमधून चालल्यात, औरंगाबादहून मुंबई आणि मुंबईहून जेद्दा, आणि लग्न झाल्यापासून घराबाहेर नकाब कधी काढला नाही, त्यात कुणीतरी डोक्यात घातलंय की तिथं सगळ्या बाप्यांसमोर बुरखा उतरवायला लावतात म्हणून त्या आता तिकीटच कॅन्सल करा म्हणायल्यात. भाऊ, कॅन्सल बिन्सल काही करू नका. बुरखा उतरवायला कुणी लावत नाही, फक्त तोंडावरचं कापड काही सेकंद वर करायचं असतं, आणि ते बाप्यांसमोर करायचं नसेल तर बहुतेक ठिकाणी सोय होते. पण ती सोय मागावी लागते, आपोआप होत नाही.

मी परभणीची. मोठे भाऊ हज-उमराहचे ग्रुप नेतात आणि ग्रुपमधल्या बायकांचं सगळं माझ्याकडं असतं, फोटो काढण्यापासून ते एअरपोर्टच्या आत सोडण्यापर्यंत, बऱ्याचदा सोबत जाते पण. मी स्वतः नकाब घालते. त्यामुळं हे ऐकीव नाही.

आपल्याकडं ओळखपत्र टर्मिनलच्या दारातच बघतात. १९९९ च्या डिसेंबरात ते कंदहारला विमान पळवून नेल्याचं प्रकरण झालं ना, त्यानंतर २००० पासून एअरपोर्ट एकामागून एक सीआयएसएफकडं, म्हणजे केंद्राच्या सुरक्षा दलाकडं, गेले, पहिलं जयपूर. तिकिटावरचं नाव, ओळखपत्रावरचं नाव आणि समोर उभं असलेलं माणूस हे तिन्ही एकच आहे का एवढंच त्यांना बघायचं असतं. आता चेहराच झाकलेला असेल तर ते बघणार तरी काय, आधारवर फोटो कशाला छापलाय मग. दारावर बहुधा पुरुष जवान असतो. अम्मींनी नाहीतर सोबतच्या माणसानं आधीच म्हणायचं, "साहेब, पर्दा आहे, लेडीज स्टाफला बोलवता का." मराठीत बोला, हिंदीत बोला, पण त्यांनी "चेहरा दिखाइए" म्हणायच्या आत बोला. आधी बोललं की विनंती वाटते, नंतर बोललं की वाद वाटतो. बाजूला घेतात, लेडी कॉन्स्टेबल येते, बघते, झालं. चिकलठाण्याला, म्हणजे औरंगाबादच्या एअरपोर्टवर, गर्दी कमी असते त्यामुळं तिथं तर काहीच त्रास होत नाही, मुंबईला लाइन मोठी असली तर दोन-चार मिनिटं थांबावं लागेल, म्हणून घरून लवकर निघा.

चेक-इन काउंटरवर बहुतेक पोरीच असतात, ते सोडून द्या.

सिक्युरिटी चेकला लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि खरं म्हणजे नकाबवालीसाठी सगळ्यात सोपी जागा तीच. बायकांची लाइन वेगळी, झडती घेणारी बाई, आणि ती पण पडदा लावलेल्या छोट्या खोलीत. बाईची झडती बाईनंच घ्यायची हा पक्का नियम आहे, त्यात मेहेरबानी कुणाची नाही. आत गेलं की ती हातातलं मशीन अंगावरून फिरवते, हातानं चाचपते, नकाब वर करायला सांगितला तर तिथं दुसरं कुणी नसतंच. अडतं कुठं, तर पिनांवर. आपल्या बायका स्कार्फला दहा पिना लावतात, अबायावर, म्हणजे वरून घालायच्या सैल झग्यावर, खडे, जरी, गळ्यात चांदीचा नाहीतर तांब्याचा तावीज, हातात बांगड्या, मशीन नुसतं बोंबलत राहतं आणि बाईला वाटतं आपल्यावर संशय घेतला. साधा काळा अबाया घाला, पिना कमीत कमी लावा, तावीज पर्समध्ये ठेवा आणि पर्स ट्रेमध्ये. हिजाबवाल्या पोरींचा तर चेहरा उघडाच असतो, त्यांना ओळखीचा प्रश्न येत नाही, डोक्यावरून फक्त मशीन फिरवतात.

आपल्या नांदेडला हुजूर साहिबला येणाऱ्या सरदारजींचं बघा ना. पगडी सहसा उतरवायला लावत नाहीत, वरून तपासतात, आणि देशातल्या देशात उडणाऱ्या विमानात कृपाण पण चालते, पातं ६ इंचाच्या आत आणि एकूण लांबी ९ इंचाच्या आत असली तर. म्हणजे तपासणी कुणालाच माफ नाही, कशी करायची त्यात धर्माचं बघतात. मला हे योग्य वाटतं. कुणाला कमी वाटेल, कुणाला जास्त वाटेल.

मुंबईला इमिग्रेशन लागतं. तिथं काउंटरवर पुरुष अधिकारी असू शकतो. पासपोर्टवरचा फोटो आणि समोरचा चेहरा तो जुळवणारच, त्याचं कामच ते आहे. लाइनमध्ये असतानाच बघून ठेवायचं कुठल्या काउंटरवर बाई आहे, आणि लाइन लावणाऱ्या स्टाफला सांगायचं की तिकडं सोडा. बहुतेक वेळा सोडतात. नाहीच सोडलं तर नकाब वर करायचा, त्यानं बघितलं की खाली करायचा. पासपोर्टचा फोटो काढताना सेवा केंद्रात चेहरा उघडा ठेवलाच होता ना, डोकं झाकलेलं चालतं पण हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि दोन्ही बाजूंनी चेहरा पूर्ण दिसला पाहिजे असा नियमच आहे. जेद्दाला उतरल्यावर पण फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, तिकडं बायका अधिकारी काउंटरवर असतात. सौदीवाले नकाबाला काही म्हणणार नाहीत असं काहीजणींना वाटतं, पण चेहरा ते पण बघतातच.

ठशांवरून आठवलं. आपल्या भागातल्या कापूस वेचणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात, मशीनवर उमटतच नाहीत. रेशन दुकानावर हे बघितलं असेल तुम्ही. मग अशा बाईची ओळख पटवायला उरतं काय, चेहराच. अम्मींच्या बोटांचं तसं असेल तर जायच्या आधी काही दिवस हाताला तेल किंवा क्रीम लावत राहायला सांगा, थोडा फरक पडतो.

आता धर्माचं. मी आलिमा, म्हणजे धर्म शिकलेली जाणकार, नाही, पण उमराहला निघालेल्या बायकांना हे सांगावंच लागतं म्हणून लिहिते. एहरामच्या, म्हणजे उमराहसाठी बांधायच्या पाक हालतीत, बाईनं नकाब आणि हातमोजे घालायचे नाहीत अशी हदीसच, म्हणजे पैगंबरांचं वचनच, आहे. तुमचं विमान मुंबईहून थेट जेद्दाला, म्हणजे मीकात, जिच्या पुढं एहरामशिवाय जायचं नाही ती हद्द, हवेतच येणार, म्हणून आपले लोक मुंबईलाच एहरामच्या तयारीत बसतात आणि मीकात यायच्या आत नियत करतात. म्हणजे ज्या नकाबासाठी अम्मी मुंबईच्या दारात घाबरायल्यात तो त्यांना काही तासांत दीनच्याच हुकमानं काढायचा आहे! पर्दा सोडायचा असं मी म्हणत नाही, परक्या माणसासमोर बायका कापड चेहऱ्यापासून थोडं लांब धरतात, त्यासाठी पुढं छज्जा असलेली टोपी पण मिळते, तिच्यावरून कापड सोडलं की चेहऱ्याला लागत नाही. ग्रुप आधी मदिनेला उतरणार असेल तर गोष्ट वेगळी, एहराम नंतर तिकडून बांधतात. आणि ओळख पटवायला, साक्षीला, इलाजाला चेहरा उघडायची सूट फिकहच्या, म्हणजे धर्माच्या कायद्याच्या, जुन्या किताबांत पण आहे. तुमच्या मशिदीतल्या मौलानांना एकदा अम्मींच्या समोर बसवून विचारा, माझ्यापेक्षा त्यांचं त्या ऐकतील.

आणि एक, राग मानू नका. माझा अनुभव असा आहे की दारात अडतात त्या अम्मी नाही, अडतात त्यांची पोरं. बाईनं बिचारीनं तोपर्यंत नकाब वर केलेला असतो आणि पोरगा मागून ओरडत असतो की हमारी माँ का चेहरा क्यों देख रहे. लाडकी बहीणचा फॉर्म भरला तेव्हा ॲपवर तिथल्या तिथं फोटो काढलाच होता की सगळ्यांनी, मतदान केंद्रावर पण पर्दानशीन बाईची ओळख बाई कर्मचारी पटवते आणि आपण गपचूप बोटाला शाई लावून येतो. कोरोनात तर सगळं जग मास्क लावून हिंडत होतं आणि एअरपोर्टच्या दारात प्रत्येकाला मास्क खाली करून तोंड दाखवावं लागायचं. एवढं कशाला, मे महिन्यात आपल्या परभणीत स्कूटीवरची एक पोरगी ओळखू येत नाही, डोळे सोडून सगळं ओढणीत गुंडाळलेलं, आणि बँकेच्या दारावर पाटी असतेच, स्कार्फ काढून आत या.

सगळं गोड आहे असं पण नाही. एका एअरपोर्टवर, नाव घेत नाही, लेडी कॉन्स्टेबल जागेवर नव्हती आणि दारातला माणूस आमच्यातल्या एका म्हाताऱ्या खालावर अशा आवाजात बोलला की त्या थरथर कापायला लागल्या. नियम त्याचा बरोबर होता, बोलणं चूक होतं. अशा वेळी वाद घालू नका, लाइनमधून बाजूला व्हा आणि ड्यूटीवरच्या इन्स्पेक्टरला बोलवा म्हणा, वरचा माणूस आला की भाषा बदलते. नंतर तक्रार करायची तर एअरसेवा म्हणून सरकारी पोर्टल आहे, विमान मंत्रालयाचं. माझं तर म्हणणं आहे की दारात एक छोटी पाटीच लावावी, पर्द्यातल्या महिलांनी महिला कर्मचाऱ्यासाठी सांगावे, अशी. खर्च किती येणार त्याला!

डिजियात्राचं विचारलंय तुम्ही. ते डिसेंबर २०२२ पासून सुरू झालं, कॅमेऱ्यात चेहरा बघून गेट उघडतं, देशातल्या प्रवासासाठी आहे आणि मर्जीवर आहे. नकाबवालीला त्याचा काही उपयोग नाही. दारात कुणी मोबाइल घेऊन फोटो काढू लागलं तर कशासाठी ते विचारा, नको असेल तर नको म्हणा, साध्या लाइननं जायचा हक्क आहे. आणि पुढंमागं कुणाला फ्रान्सला वगैरे न्यायचा विचार असेल तर तिथं एप्रिल २०११ पासून सार्वजनिक जागेत चेहरा झाकायलाच बंदी आहे, एअरपोर्ट पण त्यात आलं, ते वेगळंच प्रकरण आहे.

आता जे तुम्ही विचारलंच नाही आणि ज्याच्यावर माणसं खरंच अडकतात ते. नकाबामुळं विमान चुकलं अशी बाई मी आजवर बघितली नाही. नावामुळं चुकलेल्या बघितल्यात. आपल्याकडची नावं तुम्हाला माहीत आहेत, शेख रहीमाबी शेख उस्मान, म्हणजे शेख दोनदा, मधे बी, मग बापाचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं. आधारवर शेखचं नुसतं एस के केलेलं, पासपोर्टवर पूर्ण शेख, एकीकडं 'बी'ला एक ई, दुसरीकडं दोन, मतदान कार्डावर बीच्या जागी बेगम, आणि तिकीट काढणाऱ्या पोरानं चौथंच काहीतरी टाकलेलं. इंग्रजीत सय्यद किती प्रकारे लिहितात ते मोजायला बसू नका. त्यात आधारवरचा फोटो जुना, तेव्हा अम्मींना चष्मा नव्हता, तब्येत वेगळी होती, म्हणजे नकाब वर केला तरी जवान दोनदा बघतो आणि इथं लोकांना वाटतं की नकाबामुळं अडवलं.

म्हणून सोपं करा. औरंगाबाद-मुंबईला पण ओळखपत्र म्हणून पासपोर्टच दाखवा. विमान सुरक्षावाल्यांच्या २०१७ च्या यादीत पासपोर्ट, आधार, मतदान कार्ड, पॅन, लायसन्स सगळं चालतं, फोटोवालं सरकारी बँकेचं पासबुक पण, त्यातलं एक पुरतं. मग दोन्ही तिकिटं पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच्या तसं काढून घ्या, अक्षर न् अक्षर. काढलेली असतील तर आजच तपासा. एक-दोन अक्षरांची चूक एजंट किंवा कंपनी आधी सांगितलं तर बहुधा दुरुस्त करून देते, दारात उभं राहून नाही होत ते. आधार सोबत असू द्या, पण पर्समध्ये, मागितलं तरच काढायचं, कारण दोन कागद दाखवले की दोन स्पेलिंगं दिसतात.

आज संध्याकाळी पासपोर्ट आणि तिकीट शेजारी ठेवून बघा आणि काही फरक दिसला तर खाली लिहा, मी बघून सांगते. नंबर आणि फोटो मात्र इथं टाकू नका. आणि अम्मींना माझा सलाम सांगा.