अंदमानला खोल पाण्यातला मासा सोडला तरी उलटा होऊन तरंगतो, तोंडातून बाहेर आलेल्या फुग्याला सुई टोचायची का?

टोचू नका भाऊ. तुम्ही लिहिलंय की 40 मीटरवर हेकरू (ग्रुपर) गळाला लागला, वर आला तेव्हा तोंडात गुलाबी फुगा, डोळे बाहेर, आणि सोडल्यावर बोटीशेजारीच पोट वर करून पडला. तो फुगा म्हणजे त्याचं जठर आहे. आतला बोत, म्हणजे हवेची पिशवी, इतका फुगला की त्याने जठरच तोंडातून बाहेर ढकललं. तिथे सुई मारली तर जठराला भोक पडणार आणि बोतातली हवा आहे तिथेच राहणार. हाताने आत ढकलायलाही जाऊ नका.

दर 10 मीटरला एक वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे 40 मीटरवर वरचा एक आणि खालचे चार मिळून वरच्यापेक्षा पाचपट दाब, आणि तिथून मासा भराभर वर ओढला की तीच हवा पाचपट जागा मागते. आपल्याकडे नाशिकला गंगापूर नाहीतर दारणा धरणाच्या बॅकवॉटरला हे दिसत नाही कारण रोहू, कटला, मृगळ यांच्या बोतातून अन्ननलिकेपर्यंत बारीक नळी असते, हवा जास्त झाली की तोंडातून सोडून देतात. हेकरू, तांबोशी (रेड स्नॅपर) यांना मोठेपणी ती नळी नसते, हवा रक्तातून हळूहळूच कमी होते, तेवढा वेळ घार-समुद्रपक्षी थोडेच देणार. सुरमईला तर बोतच नाही, तिला हा त्रास नाही.

मग उपाय एकच, त्याला परत खाली पोचवायचं, दाब आला की हवा आपोआप आकसते आणि जठर, डोळे बरेचसे जागेवर येतात. यासाठी डिसेंडर, म्हणजे माशाला खोलवर नेऊन सोडायची साधनं, मिळतात. सीक्वालायझर नावाचा एक चिमटा आहे, माशाचा खालचा जबडा धरतो, खाली वजन लावायचं, आणि 50, 100 नाहीतर 150 फूट, जे सेट केलं असेल त्या खोलीवर दाबानेच उघडतो. इतका खर्च नको असेल तर जाड गळ घ्या, त्याचा उलटा काटा पक्कडने दाबून सपाट करा, तंगूस (नायलॉनची दोरी) गळाच्या वाकाला बांधा आणि शिसं गळाच्या डोळ्याला, म्हणजे एरवी दोरी बांधतात त्या भोकाला, म्हणजे गळ उलटा लटकतो. ओठाला आधीच पडलेल्या भोकात अडकवायचा, वजनाने मासा खाली जातो, खाली पोचला की एक झटका, सुटला. वजन कंजूषपणा न करता लावा, कमी पडलं तर मासा आणि शिसं दोन्ही वरच लोंबकळत बसतात.

तिसरा प्रकार आपल्या नाशिककरांच्या घरचा, टोमॅटोचा प्लास्टिक क्रेट! पिंपळगावच्या मार्केटला ढिगाने दिसतात तोच. उलटा करायचा, कडेला चारी बाजूंनी सळईचे तुकडे तारेने बांधायचे, वरच्या बाजूला दोर. मासा खाली सरकवला की तो फुगलेला असल्याने क्रेटला आतून चिकटून राहतो आणि क्रेटबरोबर खाली जातो, मग दोर ओढला की तो खालून निघून जातो. मोठ्या माशाला हेच बरं, जबड्याला काही लावावं लागत नाही.

जिथे लागला तिथपर्यंत सोडता आला तर उत्तम, नाहीतर किमान अर्ध्या खोलीपर्यंत तरी. आणि लवकर. खरं सांगू का, अर्धे मासे फोटोपायी मरतात, आधी एकाने धरायचा मग दुसऱ्याने मग कॅप्टनबरोबर सेल्फी, तोवर ऊन लागून तो गेलेलाच असतो. डिसेंडर वेगळ्या दोरीवर आधीच तयार ठेवा, हात ओले करा, एक फोटो, बास.

अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात रीफचे (समुद्रातल्या खडक-प्रवाळाजवळचे) मासे धरणाऱ्या बोटींवर जानेवारी 2022 पासून डिसेंडर नाहीतर हवा काढायची पोकळ सुई तयार ठेवणं सक्तीचं केलं होतं. ती सुई तोंडात नाही, बाजूने, छातीच्या पराच्या मागे तिरकी घालतात, आणि चुकली तर आतले अवयव फाटतात, त्यामुळे कुणी शिकवल्याशिवाय नको.

विमानातून सळया बांधलेला क्रेट नेणं अवघडच, त्यामुळे गळवाला प्रकार इथून करून न्या आणि शिसं पोर्ट ब्लेअरला घ्या. आणि खायचाच असेल तर पहिला ठेवा आणि ती जागा सोडून उथळ पाण्यात जा, तिथे एवढा त्रासच होत नाही.