१९५१ च्या शेव्हरलेट पिकअपसाठी स्टेअरिंगवरच्या गिअरचे भाग

तुमची अडचण मला अशी समजली आहे. दिग्रसजवळच्या गावी आजोबांनी ठेवलेली अर्ध्या टनाची १९५१ ची शेव्हरलेट पिकअप तुम्ही पुन्हा चालू केली आहे. इंजिन चांगले आहे, मात्र स्टेअरिंगवरचा गिअरचा दांडा लोंबकळतो, आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी मध्येच अशी अडकते की ना पुढे जाते ना न्यूट्रलला येते. मेकॅनिकने दोन उपाय सुचवले आहेत: अख्खी असेंब्ली मागवा, नाहीतर जीपसारखा खालून गिअर काढा, म्हणजे दांडा फरशीतून वर घ्या. माझ्या मते यांतल्या कशाचीही आज गरज नाही. अशा गाड्यांमध्ये बहुधा पाच-सहा लहान भाग झिजलेले असतात आणि ते तुमच्याच जिल्ह्यात बनतात. बाजारात शोधायचे ते फक्त लेथवर न बनणारे भाग.

शोधाची दिशा ठरवण्यासाठी गाडीचे मूळ माहीत असावे लागते. शेव्हरलेटच्या या पिढीतील हलक्या ट्रकमध्ये तीन गिअरचा दांडा १९४८ पासून जमिनीतून कॉलमवर, म्हणजे स्टेअरिंगच्या खांबावर, आला. चार गिअरचा बॉक्स असलेल्या गाड्यांचा दांडा खालीच राहिला. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत होता, आणि आपल्याकडच्या गाड्या अर्थातच उजव्या स्टेअरिंगच्या होत्या. ही उजवी बाजूच पुढे सगळा घोळ घालते. त्याकडे नंतर येतो.

आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहा. इंजिन बंद ठेवून चाकांना दगड लावा, घरातल्या कुणाला तरी आत बसवून गिअर सावकाश हलवायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून कॉलमच्या तळाशी टॉर्च धरा. दांडा आपल्याकडे ओढला किंवा पुढे ढकलला की कॉलमबरोबर खाली जाणारी नळी वर-खाली सरकते व कोणत्या लिव्हरला पकडायचे ते ठरते. दांडा वर किंवा खाली फिरवला की पकडलेली लिव्हर फिरते आणि तिचा रॉड गिअरबॉक्सच्या बाजूला ओढ देतो. दांड्याच्या मुळाची पिन, नळीचा बुश (पिन किंवा नळी जिच्यात फिरते ती बांगडी), तळाचे जोड आणि रॉडच्या टोकांची भोके अशा प्रत्येक ठिकाणी बोट ठेवून पाहा. दांडा हलला आणि पुढचा भाग किंचित उशिरा हलला, तर तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. प्रत्येक जागी अर्धा-अर्धा मिलिमीटरच असतो, पण साखळीत तो साचत जातो आणि पहिल्याची लिव्हर पूर्ण सुटण्याआधीच दुसऱ्याची पकडली जाते. गाडी अडकते ती याच क्षणी.

आमच्या अशाच गाडीने आर्वीच्या बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात हा प्रकार केला होता. काकांनी न बोलता बॉनेट उघडले, लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक तळाच्या खालच्या लिव्हरला लावून वरच्या दिशेने हलकेच ठोकले, ‘कट्’ असा आवाज झाला आणि दोन्ही लिव्हरी पुन्हा एका रेषेत आल्या. रस्त्यात अडकल्यावर तुम्हीही हेच करा. दांड्यावर जोर लावू नका, कारण दांडा मुळाशी मोडला तर तो मिळवणे सर्वांत अवघड आहे. विदर्भात ही झीज लवकर होते असे माझे निरीक्षण आहे. पावसाळ्यात काळी माती तळाच्या जोडांत भरते, उन्हाळ्यात ४५ अंशांत वाळून कडक होते, आणि ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखी पिना खाते. रबरी ग्रोमेट (भोकात बसणाऱ्या कड्या) असतील तर ते त्याच उन्हात तडकतात. म्हणून काहीही मागवण्यापूर्वी हे जोड रॉकेलने धुऊन, वाळवून पुन्हा तपासा. मळामुळे लिव्हरी सरकत नसतील, तर निम्मा आजार तिथेच संपतो.

आता बनवायच्या भागांविषयी. जिनिंग आणि तेलाच्या घाण्या असलेल्या आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी बुश व पिना बनवण्यात आयुष्य घालवलेला एखादा लेथवाला असतो. त्याला मोटार समजली नाही तरी चालेल, फक्त माप तुम्ही बिनचूक द्या. झिजलेल्या पिनेचे माप मध्यभागी घेऊ नका, कारण तिथे ती एका बाजूने खाल्लेली असते. डोक्याखालचा न घासलेला भाग व्हर्निअरमध्ये (बारीक माप घेणाऱ्या साधनात) धरा, तेच मूळ माप. भोकही गोल राहिलेले नसते, लांबट झालेले असते, म्हणून आधी रीमरने (भोक कातून मोठे करणाऱ्या हत्याराने) ते गोल करून घ्यावे आणि मग वाढलेल्या मापाचा बुश बसवावा. बुश फॉस्फर ब्राँझचा किंवा गनमेटलचा करा. मऊ लोखंडाचा बुश स्वस्त पडतो, परंतु तो पिनेलाच खातो. ग्रीस लावलेली पिन बोटाने दाबून आत जावी, पण तिरपी केली असता आपोआप गळून पडू नये, एवढीच सैल हवी. रबरी ग्रोमेटच्या जागी नायलॉनच्या रॉडमधून काढलेला बुश चालतो, फक्त थोडा खडखडाट वाढतो. स्प्रिंग मात्र अंदाजाने बनवू नका. तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या आणि मोकळी लांबी अशी तिन्ही मापे जुनीवरून घ्या.

नट-बोल्टचा एक मुद्दा लक्षात ठेवा. गाडीची चुडी, म्हणजे बोल्टवरचे आटे, इंचाच्या मापाची आहे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे आजचा ८ मिलिमीटरचा नट एक-दोन आटे सहज बसतो आणि मग अडतो. मेकॅनिक पान्याने जोर लावतो व मूळ बोल्टची चुडी कायमची जाते. जुन्या जीपमध्येही इंचाचीच अमेरिकन चुडी असल्याने असे नट-बोल्ट जीपचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात.

न बनणारे भाग म्हणजे वळण दिलेला दांडा, नळीला धरणारे ओतीव घर आणि तळाच्या लिव्हरी. चुंबक चिकटत नसेल तर ते घर जस्ताच्या मिश्रधातूचे असण्याची शक्यता मोठी असते. जस्त सुमारे ४२० अंशांलाच वितळते, त्यामुळे साध्या गॅसने जोडायला गेल्यास भाग हातातच ढासळतो. हे भाग अमेरिकेत सहज मिळतील असे वाटते आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. मी स्वतः एका परदेशी विक्रेत्याकडून दांडा व घर मागवले. माल उत्तम होता, पण डाव्या स्टेअरिंगच्या गाडीचा. दांड्याचे वळण आरशात पाहिल्यासारखे उलटे. विक्रेत्याने परत घेण्यास नकार दिला आणि कस्टमसह गेलेले पैसे गेलेच. अमेरिकेतून बुश, स्प्रिंग, वॉशर, मूठ असे दोन्ही बाजूंना सारखे असणारे भागच मागवा.

उजव्या बाजूचे घर व दांडा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत शोधावे लागतात. तिकडेही उजवे स्टेअरिंग होते आणि जनरल मोटर्सची जुळणीही होत असे. शोधताना शब्द बदलून पाहा. अमेरिकन माणूस ‘कॉलम शिफ्ट’ किंवा ‘थ्री ऑन द ट्री’ म्हणतो, ब्रिटिश वळणाची इंग्रजी बोलणारा ‘कॉलम चेंज’. पिकअपला ऑस्ट्रेलियात ‘यूट’ आणि दक्षिण आफ्रिकेत ‘बक्की’ म्हणतात. केवळ ‘पिकअप’ लिहून शोधणाऱ्याला हा निम्मा बाजार दिसतच नाही. ओतीव भागावर सहा-सात आकडी नंबर असतो. तारेच्या ब्रशने घासून तो वाचा आणि विक्रेत्याला तोच पाठवा.

देशात शोधायचे तर मुंबईचा चोर बाजार, दिल्लीचे काश्मिरी गेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार आणि चेन्नईचे पुदुपेट्टै ही ठिकाणे आहेत. फोनवर विचारले तर ‘आहे’ असेच उत्तर येते. जुना भाग पिशवीत घालून स्वतः जा, आणि दुकानदाराने अॅम्बॅसॅडरचा किंवा पद्मिनीचा दांडा पुढे केला तर तो घेऊ नका. तो कापून-जोडून बसवता येतो असे सांगणारे भेटतील, पण पकड आणि कोन जुळत नाहीत. त्यापेक्षा विदर्भातल्या जुन्या जिनिंगच्या आवारांत, गोदामांमागे उभे असलेले सांगाडे पाहा. आमच्या गाडीला लिव्हर अखेर तिथेच मिळाली, बाभळीच्या झुडपात अर्ध्या बुडालेल्या एका ट्रकखाली, आणि मालकाने चहाशिवाय काही घेतले नाही.

खालून गिअर काढण्याबद्दल थोडक्यात सांगतो. त्यासाठी फरशीचा पत्रा कापावा लागतो आणि गिअरबॉक्सचे झाकण बदलावे लागते. ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांत मूळ स्वरूप ही अट आहे. उद्या तुम्हाला व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर आज पत्रा कापून वाद कशाला ओढवून घ्यायचा?

भाग बसवल्यावर दोन्ही लिव्हरी न्यूट्रलला ठेवा आणि रॉडची लांबी अशी लावा की त्याचे टोक लिव्हरच्या भोकात कोणताही जोर न लावता पडेल. टोक ओढून बसवावे लागले तर गाडी पुन्हा अडकेल. इंजिनचे रबर माउंटही याच वेळी बघून घ्या. ते दबून खचले असतील तर क्लच सोडताना इंजिन हलते, गिअरबॉक्स कॉलमपासून दूर सरकतो आणि नवे बुश असूनही जुळणी बिघडते. या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर पडण्याआधी चक्रांचा वेग जुळवणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकताना होणारा खर्रकन आवाज दोष समजू नका.

तळाच्या जोडाचा एक फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, उजेडात काढून मला पाठवा. दांड्याच्या मुळाच्या पिनेचा फोटो वेगळा हवा, आणि तो पिन बाहेर काढल्यानंतरचा.