पोलीस भरतीत दोनदा हुकलं; सकारात्मक राहून खरंच काही होतं का?

दोनदा मैदानी चाचणीतच बाहेर पडलो, सगळे 'पॉझिटिव्ह राहा' म्हणतात, त्याने काही होतं का, असं तुम्ही विचारलंय. होतं. पण कशाने होतं ते मला कापसातूनच सांगता येईल. यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार आहे मी.

२०१७ साली आमच्याकडे गुलाबी बोंडअळी आली. आमच्या काकांएवढा आनंदी माणूस गावात दुसरा नाही. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कमरेच्या वर, बोंडांनी वाकलेली. "काई होत नाई बाप्पा, यंदा घर बांधतो," असं भेटेल त्याला सांगायचे. आई मात्र जन्माची कुरकुरी. ही अळी बाहेरून दिसत नाही. बोंडात शिरली की छिद्र बुजतं आणि ती आत सरकी खात बसते. म्हणून आई दर आठवड्याला वावरातून २० हिरवी बोंडं तोडून आणायची आणि ओट्यावर बसून एकेक फोडायची. विसात दोनांत अळी निघाली की फवारणीची वेळ झाली, हा हिशोब तिला कृषी सहायकाने दिलेला. काका हसायचे, "वयनी, चांगली बोंडं काहाले फोडता?"

नुकसान आमचंही झालं. पण आम्हाला ते ऑक्टोबरात कळलं, काकांना वेचणीला. त्यानंतरही "पुढच्या वेचणीत भरून निघते" म्हणत त्यांनी फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपला तरी पीक उभंच ठेवलं, आणि अळीला राहायला घर मिळालं. आम्ही डिसेंबरात पऱ्हाटी उपटली, विहिरीच्या पाण्यावर हरभरा घेतला. पुढच्या हंगामात आईने कामगंध सापळे, म्हणजे अळीच्या पतंगांना वासाने ओढून पकडणारे सापळे, लावले. काका मात्र एकच म्हणत राहिले, "कापूस आपल्या कर्मातच नाई."

दोघांत सकारात्मक कोण? मला तरी कुरकुरी आईच वाटते.

मार्टिन सेलिगमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हेच तपासलं: हरल्यावर माणूस स्वतःला कारण काय सांगतो. 'माझं नशीबच असं' म्हणणारा हात टाकतो. 'या वेळी अमुक चुकलं' म्हणणारा पुन्हा उठतो. विमा एजंटांवरच्या त्याच्या १९८६ च्या अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या एजंटांनी जास्त विमे विकले आणि कामही कमी जणांनी सोडलं. दिवसभर 'नाही' ऐकायचा धंदा तो, त्यामुळे मला हे पटतं. तालुक्याला एका व्याख्यानात आरशापुढे 'मी जिंकणारच' म्हणायला शिकवलं होतं. मी दोन दिवस म्हटलं, तिसऱ्या दिवशी बायको हसली.

हेही खरं की कोरडवाहू वावरात पावसाने महिनाभर दडी मारली, तर कोणाचाही दृष्टिकोन पीक वाचवत नाही. भरतीतही जागा मोजक्या आणि उमेदवार ढीगभर. तो भाग तुमच्या हातात नाही, त्याचा दोष स्वतःला देऊ नका.

हातात आहेत ते मैदानीचे ५० गुण: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. दोन्ही वेळचे आकडे कागदावर मांडा. 'मैदानीत गेलो' म्हणजे नेमकं कशात गेलो? माझ्या भाच्याला वाटायचं आपल्याला पळताच येत नाही. मांडून पाहिलं तर १६०० ठीक होतं, गुण गोळ्यात जात होते. घरी तो साधा दगड फेकायचा, मैदानात हातात ७.२६ किलोचा गोळा यायचा. तुमचे कशात गेले ते खाली लिहा. गोळा असेल तर भाच्यालाच विचारून सांगतो, तो कसा सराव करायचा ते.